जेम्स गिलरे : सत्तेला हसणारा चित्रकार

वर्तमानपत्रातले व्यंगचित्र आपण पाहतो, हसतो आणि पान उलटतो. या हसण्याला धार देणाऱ्या एका इंग्रज चित्रकाराची ओळख आज आम्ही वाचकांना करून देत आहोत.

जेम्स गिलरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १७५६ रोजी लंडनजवळच्या चेल्सी येथे झाला. वडील सैनिक होते. १७४५ च्या फाँतन्वाच्या लढाईत त्यांचा एक हात गेला होता. मुलाला त्यांनी अक्षरे कोरणाऱ्या कारागिराकडे शिकायला ठेवले. त्या कामाला कंटाळून तो फिरत्या नाटक मंडळीबरोबर निघून गेला. पुढे १७७८ मध्ये रॉयल अकादमीच्या शाळेत त्याला प्रवेश मिळाला. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, कागदावर छापायचे, हाताने रंगवायचे आणि दुकानाच्या काचेत लावायचे, हा त्याचा धंदा झाला. ज्यांना विकत घेणे परवडत नसे ते लोक रस्त्यावर उभे राहून चित्रे पाहत.

१७८२ साली त्याला नामी विषय मिळाला. मार्च महिन्यात इंग्लंडचे सरकार बदलले. नव्या मंत्र्यांनी वेस्ट इंडीजमधील आरमाराचे प्रमुख रॉडनी यांना काढून ती जागा पिगट यांना दिली. रॉडनी विरोधी पक्षाचे, तर पिगट मंत्री फॉक्स यांचे मित्र. पण १२ एप्रिललाच रॉडनींनी फ्रेंच आरमाराचा मोठा पराभव करून सेनापती द ग्रास यांना कैद केले होते. ही बातमी मे महिन्यात लंडनला पोहोचली. पिगटना थांबवण्यासाठी घाईने निरोप धाडला, पण त्यांचे जहाज सुटून गेले होते!

ओशाळलेल्या सरकारने रॉडनींना लॉर्ड केले आणि वर्षाला २,००० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. गिलरेने लागोपाठ चित्रे काढली. एकात रॉडनी कैदी द ग्रासला राजापुढे आणतात, आणि बाजूला फॉक्स म्हणतात की हा फारच चांगला लढतो, याला परत बोलवा; पिगट माझ्या जुगाराच्या टेबलावर पुष्कळ पैसे हरले आहेत, त्यांचे उपकार फेडायला हवेत. दुसऱ्यात रॉडनी राक्षसी सापाला मारत आहेत आणि फॉक्स लॉर्डचा मुकुट घेऊन त्यांना आवरायला धावत आहेत. लायकी पाहून नव्हे, ओळख पाहून जागा दिली, हे ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही कळले.

पण गिलरेलाही पोट होतेच. १७९७ पासून पिट सरकारने त्याला गुपचूप वर्षाला २०० पौंड देऊ केले. नंतर त्याच्या सुईची टोके पिट यांच्यापेक्षा फॉक्स यांनाच अधिक टोचू लागली. पिट यांचे सरकार १८०१ मध्ये गेले आणि ती रक्कमही थांबली.

त्याची चित्रे विकणाऱ्या हॅना हम्फ्री या बाईंच्या घरीच तो राहत असे. पुढे त्याची नजर मंद झाली. १८१० साली, ज्या वर्षी ब्रिटिश आरमाराने आपले बेट फ्रेंचांकडून घेतले, त्या सुमारास त्याचे मनही भ्रमिष्ट झाले. हॅनाबाईंनी त्याला शेवटपर्यंत सांभाळले. १ जून १८१५ रोजी तो वारला.

मुलांना आम्ही सांगू की गिलरेची चित्रे जरूर पाहावीत. चित्रातला मंत्री कोणाला जागा देतो, हे पाहावे. आणि चित्र काढणाऱ्याला पैसे कोण देतो, हेही विचारावे.