सोंग त्सी

सोंग त्सी (इ.स. ११८६ – इ.स. १२४९) हे चीनमधील दक्षिण सोंग राजवटीच्या काळातील न्यायाधिकारी व ग्रंथकार होते. त्यांचा जन्म फूच्येन प्रांतातील च्येनयांग येथे झाला. १२१७ साली राजसेवेची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण होऊन ते अधिकारी झाले. शवतपासणीत सुरुवातीला झालेली चूक निरपराध्याच्या जिवावर बेतते, या जाणिवेतून त्यांनी १२४७ मध्ये ‘शीयुआन जीलू’ हा ग्रंथ सिद्ध केला.

त्यातील विळ्याची हकिकत प्रसिद्ध आहे. रस्त्याकडेला एका माणसाचा खून झाला होता. अंगावर दहाहून अधिक जखमा होत्या, चीजवस्तू मात्र शाबूत होती. तेव्हा हे काम लुटारूचे नसून वैऱ्याचे, असे तपासणी अधिकाऱ्याने ताडले. त्याने परिसरातील सत्तर-ऐंशी विळे मागवून जमिनीवर मांडले. दिवस कडक उन्हाळ्याचे होते. माश्या एकाच विळ्यावर घोंगावू लागल्या, कारण पाते स्वच्छ दिसत असले तरी रक्ताचा वास गेला नव्हता. अखेर त्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला. कीटकांच्या साहाय्याने खुनाचा छडा लागल्याच्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये हिची गणना होते. हा तपास पुष्कळदा खुद्द सोंग त्सी यांच्या नावावर सांगितला जातो. ग्रंथात तो एका अनाम अधिकाऱ्याचा आहे.

१२४९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या ग्रंथात उत्तरोत्तर भर पडत गेली आणि छिंग राजवटीतही तो अधिकाऱ्यांच्या वापरात होता.