बियाण्यांचा रखवालदार : निकोलाय वाविलोव

फुलोऱ्यात आलेली हिरवीगार तूर पाहता पाहता उभी वाळते. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला हा मर रोग नवा नाही. याची बुरशी जमिनीत दबा धरून असते. पानांवर फवारून ती हटत नाही. अशा वेळी भरवशाचा उपाय म्हणजे मुळातच रोगाला दाद न देणारा वाण पेरणे. या विचाराला शास्त्राची बैठक देणाऱ्यांत रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांचे स्थान फार मोठे आहे.

त्यांचा जन्म १८८७ साली मॉस्कोत एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. शेतीशास्त्राचे शिक्षण घेऊन १९१३ मध्ये ते इंग्लंडला गेले. रोगप्रतिकाराचा गुण मेंडेलच्या नियमांनुसार पुढील पिढीत उतरतो, हे केंब्रिजच्या बिफेन यांनी गव्हाच्या तांबेऱ्यावरील प्रयोगांतून १९०५ मध्येच दाखवले होते. पण हा गुण शोधायचा कोठे? वाविलोव यांचे उत्तर होते : जेथे पीक मूळचे, जेथे पीक आणि रोग हजारो वर्षे शेजारी नांदले, तेथे.

मग भ्रमंती सुरू झाली. १९१६ मध्ये इराण, १९२४ मध्ये अफगाणिस्तान, १९२७ मध्ये इथिओपिया. लेनिनग्राडच्या संस्थेत बियाण्यांचे दोन लाखांहून अधिक नमुने गोळा झाले. पिकांच्या मूलस्थानांत त्यांनी भारताचीही गणना केली. आपली तूर त्यातलीच.

परंतु झटपट पिकाची आश्वासने देणाऱ्या लायसेन्कोवर स्टालिनची मर्जी बसली. आनुवंशशास्त्र राजद्रोहासारखे ठरू लागले. वाविलोव यांनी मान तुकवली नाही. ऑगस्ट १९४० मध्ये त्यांना अटक झाली, पुढे मृत्युदंड सुनावला गेला. तो बदलून वीस वर्षांची कैद झाली. जगाच्या भुकेवर उपाय शोधणारा हा माणूस २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने गेला. त्याच सुमारास जर्मन वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये त्यांचे सहकारी धान्याच्या पिशव्यांशेजारी भुकेने मरत होते. तांदळाचे नमुने सांभाळणारे इवानोव त्यांपैकीच एक. बियाणे मात्र त्यांनी खाल्ले नाही. १९५५ मध्ये वाविलोव यांची शिक्षा रद्द झाली.

मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तोंड देणारा तुरीचा ‘बीएसएमआर ७३६’ हा वाण मराठवाड्यातील बदनापूरच्या संशोधन केंद्राने दिला. असे वाण घडतात ते जपून ठेवलेल्या वैविध्यातूनच. आपल्यापैकी कुणाच्या घरी आजीने राखेत घोळून ठेवलेले जुने बी अजून असेल, तर ते टाकून देऊ नये. उद्याच्या एखाद्या रोगाचे उत्तर कदाचित त्याच मडक्यात असेल.