खेदिव इस्माईलचे कर्ज

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत मुंबईने शेअरांचा जुगार मांडला आणि १८६५ मध्ये तिचे दिवाळे निघाले, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्याच तेजीच्या भरात, जानेवारी १८६३ मध्ये, इजिप्तच्या गादीवर इस्माईल पाशा आला. मुंबईत पेढ्या बुडाल्या; इजिप्तमध्ये राज्य बुडाले, इतकेच की त्याला अधिक वर्षे लागली.

पॅरिसमध्ये शिकलेल्या या खेदिवाला निव्वळ उधळ्या ठरविणे पुढे इंग्रज लेखकांना सोयीचे झाले. ते पुरते खरे नाही. त्याने पाटबंधारे काढले, लोहमार्ग वाढविले, शाळा उघडल्या. मात्र राजवाडे, ऑपेरागृह आणि नोव्हेंबर १८६९ मधील सुएझ कालव्याच्या उद्घाटनाचा थाट हेही त्याच थैलीतून झाले. कापूस उतरला, खर्च उतरला नाही. १८७३ चे कर्ज कागदोपत्री ३ कोटी २० लाख पौंडांचे होते. हाती आले सुमारे २ कोटी, तेही सारे रोख नव्हे. व्याज अर्थातच कागदावरील रकमेवर! आपल्याकडील खेड्यातला सावकार याहून निराळे काय करीत असे?

१८७५ मध्ये त्याने कालव्याचे १,७६,६०२ भाग सुमारे ४० लाख पौंडांना ब्रिटनला विकले. तरीही १८७६ मध्ये हप्ते थकले आणि धनकोंचे ऋणमंडळ कैरोत येऊन बसले. लोहमार्गांचे उत्पन्न, अलेक्झांड्रियाची बंदरपट्टी, काही प्रांतांचा महसूल यांवर त्याचा पहिला हक्क. १८७७ मध्ये या मंडळावर एव्हलिन बेअरिंग नावाचा इंग्रज अधिकारी आला. पुढच्याच वर्षी अर्थखाते एका इंग्रजाच्या, तर बांधकामखाते एका फ्रेंचाच्या हाती गेले.

खरा घात त्यानंतर झाला. व्याजासाठी काटकसर हवी म्हणून कात्री लागली ती सैन्याला. पगार आधीच महिनोन्‌महिने तुंबलेले. त्यात फेब्रुवारी १८७९ मध्ये सुमारे २,५०० अधिकारी अर्ध्या पगारावर घरी बसविण्यात आले. देशाच्या रक्षणाचा पैसा परकीय रोखेधारकांकडे वळला आणि तो वळविण्याचा अधिकारही परक्यांकडेच होता. अधिकारी रस्त्यावर उतरले. त्या असंतोषाला इस्माईलची आतून फूस होती, असा संशय त्या वेळीही होता. एप्रिलमध्ये त्याने युरोपीय मंत्र्यांना काढले. पण तेव्हा उशीर झाला होता. युरोपीय सत्तांच्या दडपणाखाली तुर्की सुलतानाने २६ जून १८७९ रोजी तार धाडली. तिच्या पत्त्यातच त्याचा उल्लेख माजी खेदिव असा होता.

मुलगा तौफिक गादीवर आला, बाप नेपल्सला गेला. सैन्यातील तो असंतोष कर्नल अहमद अराबीच्या रूपाने पुन्हा उसळला, तेव्हा ब्रिटनने जुलै १८८२ मध्ये अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या आणि सप्टेंबरमध्ये तेल-अल-कबीरला अराबीचा मोड केला. त्या लढाईत हिंदी पलटणीही होत्या व त्यांच्या खर्चाचा काही भार हिंदुस्थानच्याच तिजोरीवर पडला. अल्प काळासाठी म्हणून आलेल्या ब्रिटिश फौजेचा शेवटचा सैनिक १९५६ मध्ये परतला.

इस्माईलला जिवंतपणी मायदेश पुन्हा दिसला नाही. मार्च १८९५ मध्ये तो इस्तंबूलला वारला. त्याचा देह कैरोत आणून रिफाई मशिदीत पुरला गेला, तेव्हा तिथल्या किल्ल्यावर ब्रिटिश पलटण होती आणि देशाचा कारभार प्रत्यक्षात लॉर्ड क्रोमर पाहत होते. अठरा वर्षांपूर्वी ऋणमंडळावर आलेले तेच बेअरिंग.