असई ते वॉटर्लू : ड्यूक ऑफ वेलिंग्टनची जीवनकथा

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील वैर हे युरोपच्या इतिहासातील एक प्रदीर्घ प्रकरण होय. १७९३ ते १८१५ या काळात, दोन अल्पकालीन विराम वगळता, ही राष्ट्रे सतत परस्परांशी झुंजत होती. या झुंजीचा निकाल १८ जून १८१५ रोजी आजच्या बेल्जियममधील वॉटर्लू येथे लागला. तेथे नेपोलियनला पराभूत करणारा सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन जगाला ठाऊक आहे. मात्र त्याच्या युद्धकलेची जडणघडण म्हैसूर आणि महाराष्ट्राच्या भूमीवर झाली आणि त्या शिक्षणाची किंमत मराठी सत्तेने मोजली, याची आठवण क्वचितच काढली जाते.

बालपण आणि लष्करात प्रवेश

आर्थर वेलस्लीचा जन्म १७६९ मध्ये आयर्लंडमधील एका सरदार घराण्यात झाला. त्याच वर्षी कॉर्सिका बेटावर नेपोलियन बोनापार्टचा जन्म झाला. आर्थरचे वडील अर्ल ऑफ मॉर्निंग्टन हे संगीताचे जाणकार होते. त्यांच्या अकाली निधनानंतर कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावली. ईटनच्या विख्यात शाळेत आर्थरने काहीही चमक दाखविली नाही. हा अबोल मुलगा तोफेच्या तोंडी देण्यापलीकडे कोणत्या कामाचा नाही, असे त्याच्या आईचे मत झाले होते. तिने त्याला १७८६ मध्ये फ्रान्समधील आंजे येथील अश्वविद्येच्या शाळेत धाडले. पुढे ज्या राष्ट्राशी आयुष्यभर लढावयाचे, त्याची भाषा आणि रीतिरिवाज तो तेथे शिकला.

त्या काळी इंग्लंडमध्ये पैसे भरून लष्करी हुद्दा विकत घेता येत असे. थोरला भाऊ रिचर्ड याच्या साहाय्याने आर्थर वयाच्या चोविसाव्या वर्षी ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतिसेनेविरुद्ध फ्लँडर्समध्ये लढण्याचा पहिला अनुभव त्याला आला, आणि तो विदारक होता. ऐन हिवाळ्यात रसदीविना माघार घेणाऱ्या इंग्रज फौजेचे हजारो सैनिक थंडी, उपासमार आणि रोगराई यांना बळी पडले. युद्ध कसे करू नये, हे त्याने तेथे पाहिले.

म्हैसूरची शाळा

फेब्रुवारी १७९७ मध्ये वेलस्ली कलकत्त्यास पोहोचला. पुढच्याच वर्षी रिचर्ड गव्हर्नर जनरल म्हणून भारतात आला. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला आणि टिपू सुलतानाने फ्रेंचांशी संधान बांधले. या दोन घटनांमुळे इंग्रजांना भारतातील आपल्या सत्तेविषयी चिंता वाटू लागली. ती चिंता खरी होती. पण राज्यविस्तारासाठी तिचा उपयोगही रिचर्डने पुरेपूर करून घेतला.

१७९९ च्या एप्रिलमध्ये श्रीरंगपट्टणजवळ एका आमराईवर वेलस्लीने रात्री हल्ला चढविला. अंधारात वाट चुकल्याने तो पुरता फसला. जागेची पाहणी केल्याखेरीज चाल करावयाची नाही, हा धडा त्याने त्या रात्री घेतला. ४ मे रोजी टिपू सुलतान लढता लढता धारातीर्थी पडला आणि म्हैसूरचा लष्करी कारभार वेलस्लीकडे आला.

तेथे त्याला युद्धाचे खरे मर्म उमगले. टिपूच्या राज्यातील अमृतमहाल जातीचे चपळ बैल, तांड्यांनिशी धान्य वाहून नेणारे बंजारे, पोत्यांचा हिशेब आणि नद्यांचे उतार या गोष्टींकडे तो तोफांइतकेच लक्ष पुरवू लागला. तांदूळ आणि बैल हाती असतील तर सैन्य कोठेही नेता येते, अशी त्याची धारणा झाली. १८०० मध्ये धोंडजी वाघ या बंडखोर सरदाराचा त्याने दीर्घ पाठलाग करून पराभव केला. त्या चकमकीत धोंडजी मारला गेला. त्याच्या पोरक्या मुलाच्या पालनपोषणाची व्यवस्था मात्र वेलस्लीने स्वतः केली.

असईची लढाई

१८०२ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून इंग्रजांच्या आश्रयास गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईचा तह केला. या तहाने पेशवाई इंग्रजांच्या तैनाती फौजेखाली आली. बाजीरावाला पुण्यात परत आणण्याची कामगिरी वेलस्लीवर होती. एप्रिल १८०३ मध्ये तो पुण्यात दाखल झाला. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना हा तह मान्य होणे शक्य नव्हते. होळकर मात्र या युद्धापासून दूर राहिले.

शिंद्यांच्या कवायती पलटणी इंग्रजांच्या डोळ्यांत सलत होत्या. महादजी शिंद्यांच्या काळात डी बॉयनने त्या उभारल्या होत्या. पुढे त्यांची सूत्रे पेरॉन या फ्रेंच सेनानीकडे गेली. त्यामुळे शिंद्यांची फौज म्हणजे भारतातील फ्रेंच सत्ताच होय, असा इंग्रजांचा प्रचार होता. प्रत्यक्षात युद्ध सुरू होताच इंग्रजांच्या जाहीरनाम्याला प्रतिसाद देऊन अनेक युरोपीय अधिकारी शिंद्यांची चाकरी सोडून गेले, आणि पेरॉननेही उत्तरेत सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रजांचा आसरा घेतला.

वेलस्लीने मोहिमेसाठी पावसाळा निवडला. नद्या दुथडी भरल्या की मराठ्यांच्या हलक्या घोडदळाची गती खुंटते, तर आपण वेताच्या गोल टोपल्यांसारख्या नावांतून पार होऊ शकतो, असा त्याचा हिशेब होता. ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, किल्ला घेतला आणि तेथे धान्याचे कोठार केले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ त्याची शिंदे-भोसले यांच्या संयुक्त सैन्याशी गाठ पडली. त्याच्याजवळ सुमारे सात हजार कवायती सैनिक होते. समोर दहा हजारांहून अधिक कवायती पायदळ, शंभरावर तोफा आणि त्याहून कितीतरी मोठे घोडदळ होते.

केळणा नदीला उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. परंतु दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसताच, त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असे वेलस्लीने ताडले. उतार सापडला आणि फौज पार झाली. मराठ्यांच्या पलटणींनी मात्र त्वरेने आपली फळी वळवून नव्या दिशेला तोंड दिले. इतक्या सफाईने हे घडेल, अशी इंग्रजांची कल्पना नव्हती. शिंद्यांचे गोलंदाज संगिनींचे वार होईपर्यंत तोफांपासून हटले नाहीत. काही जण मृतवत पडून राहिले आणि शत्रू पुढे जाताच त्यांनी तोफा फिरवून त्याच्या पाठीवर मारा केला. वेलस्लीच्या मांडीखालचे दोन घोडे जायबंदी झाले. सायंकाळी मैदान आणि ९८ तोफा इंग्रजांच्या हाती आल्या. पण त्यांचे दीड हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले होते. आपल्या सर्व लढायांमध्ये सर्वोत्तम कामगिरी कोणती, असे पुढे विचारले असता वेलिंग्टनने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतल्याचे सांगतात.

नोव्हेंबरमध्ये अडगाव आणि डिसेंबरमध्ये गाविलगड पडला. देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव येथील तहांनी भोसल्यांनी कटक व पश्चिम वऱ्हाड, तर शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब, भडोच व अहमदनगर गमावले. फ्रेंचांना चाकरीत ठेवणार नाही, असेही शिंद्यांना कबूल करावे लागले. युरोपातील दोन राष्ट्रांच्या वैराची झळ मराठी राज्याला अशी बसली. अवघ्या पंधरा वर्षांत, १८१८ मध्ये, पेशवाई अस्तास गेली.

स्पेनचा रणसंग्राम

१८०५ मध्ये वेलस्ली मायदेशी निघाला. वाटेत तो सेंट हेलेना बेटावर ‘द ब्रायर्स’ या घरी उतरला होता. दहा वर्षांनी कैदी म्हणून आलेल्या नेपोलियनचा मुक्काम प्रारंभी त्याच घराच्या आवारात होता, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय. इंग्लंडमध्ये वेलस्लीच्या भारतातील विजयांना फारसे मोल दिले गेले नाही. नेपोलियनही त्याला शिपायांचा सेनापती म्हणून हिणवीत असे.

१८०८ मध्ये नेपोलियनने आपल्या भावाला स्पेनच्या गादीवर बसविले आणि तेथील जनता पेटून उठली. त्याच वर्षी वेलस्ली पोर्तुगालमध्ये उतरला. फ्रेंच सैन्य ज्या मुलखात जाई, त्याच मुलखाच्या धान्यावर जगे. त्यामुळे गावे उजाड होत आणि शेतकरी हाती शस्त्र घेत. वेलस्लीने मात्र रसद समुद्रमार्गे आणली, खेचरांच्या तांड्यांनी पुढे पोहोचविली आणि लोकांकडून घेतलेल्या मालाचे मोल देण्याचा नियम केला. दख्खनमध्ये गिरविलेला धडा त्याने येथे वापरला. मे १८०९ मध्ये पोर्तो येथे दुथडी वाहणारी दौरो नदी त्याने फ्रेंचांच्या डोळ्यांदेखत मद्याची पिंपे वाहणाऱ्या होड्यांतून ओलांडली. हा केळणेच्या काठीच घेतलेल्या अनुभवाचा पुढचा अध्याय म्हणता येईल.

१८१० मध्ये लिस्बनच्या उत्तरेस तोरेस वेद्रास येथे त्याने गुप्तपणे तटबंदीच्या रांगा उभारल्या आणि बाहेरचा मुलूख उजाड करविला. मार्शल मासेनाची बलाढ्य सेना त्या तटांसमोर उपासमारीने खंगली व मार्च १८११ मध्ये माघारी वळली. या डावाची किंमत पोर्तुगीज रयतेने भरली. भूक आणि रोगराईने हजारो निरपराध माणसे मेली. एप्रिल १८१२ मध्ये बदाहोसचा किल्ला घेताना इंग्रजांची इतकी हानी झाली की प्रेतांचे खच पाहून हा कठोर सेनापती रडला. त्यानंतर त्याच्याच सैनिकांनी ते शहर लुटले आणि स्त्रियांवर अत्याचार केले. त्यांना वेळीच आवर घालणे त्याला जमले नाही. सालामांका आणि व्हितोरिया येथील विजयांनंतर तो फ्रान्सच्या भूमीत शिरला. १८१४ मध्ये नेपोलियनने पदत्याग केला आणि वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

वॉटर्लू

मार्च १८१५ मध्ये एल्बाहून निसटलेला नेपोलियन पुन्हा पॅरिसमध्ये सत्तारूढ झाला. १८ जून रोजी एकाच वर्षी जन्मलेले हे दोघे सेनानी प्रथमच आमनेसामने आले. वेलिंग्टनकडे सुमारे ६८ हजार सैनिक होते आणि त्यांतील जेमतेम एक तृतीयांश ब्रिटिश होते. बाकीचे डच, बेल्जियन आणि जर्मन होते. नेपोलियनकडे सुमारे ७३ हजार सैनिक आणि अधिक तोफा होत्या. वेलिंग्टनने टेकडीच्या मागील उतारावर आपले पायदळ दडवून तोफांच्या माऱ्यातून वाचविले. आदल्या रात्रीच्या पावसाने भिजलेली जमीन सुकण्याची वाट पाहत नेपोलियनने हल्ला लांबविला. तो वेळ प्रशियाच्या ७२ वर्षीय ब्ल्यूखरला रणांगण गाठण्यासाठी उपयोगी पडला. सायंकाळी फ्रेंचांची निवडक शाही पलटण मागे हटली आणि फ्रेंच सैन्याची दाणादाण उडाली. हा विजय एकट्या वेलिंग्टनचा नव्हता. ब्ल्यूखर वचनाला जागला नसता तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

त्या एका दिवसात तिन्ही सैन्यांचे मिळून चाळीस हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले. मृतांची नावे ऐकताना वेलिंग्टनला अश्रू आवरले नाहीत. त्यानंतर तो पुन्हा कोणतीही लढाई लढला नाही. पराभूत फ्रान्सचे लचके तोडू नयेत, असा आग्रह त्याने धरला. मानहानी झालेले राष्ट्र पुन्हा शस्त्र उचलते, हे त्याने ओळखले होते.

उत्तरायुष्य

१८२८ मध्ये वेलिंग्टन इंग्लंडचा पंतप्रधान झाला. १८२९ मध्ये त्याने कॅथलिक पंथीयांना पार्लमेंटचे दार खुले करणारा कायदा संमत करविला आणि त्यावरून झालेल्या वादात पंतप्रधानपदी असताना द्वंद्वयुद्धही केले. मताधिकाराच्या सुधारणांना मात्र त्याने कडवा विरोध केला. त्यामुळे संतप्त जमावाने त्याच्या लंडनमधील निवासस्थानाच्या काचा फोडल्या. १४ सप्टेंबर १८५२ रोजी त्याचे निधन झाले आणि लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्याचा दफनविधी झाला.

मुंबईतील वेलिंग्टन कारंजे आणि निलगिरीतील वेलिंग्टन ही छावणी त्याच्या नावाची साक्ष देतात. शिस्त, दूरदृष्टी आणि सैनिकांच्या पोटाची काळजी हे त्याचे गुण निर्विवाद होत. परंतु त्याच्या यशाचा विचार करताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. असईच्या रणात शौर्याची उणीव मराठ्यांच्या बाजूला नव्हती. उणीव होती ती एकजुटीची. होळकर दूर राहिले, पेशवा शत्रूच्या छावणीत होता आणि पलटणींचे अधिकारी परके होते. वॉटर्लूवर मात्र दोन भिन्न राष्ट्रांचे सेनापती परस्परांच्या वचनावर विसंबून लढले. या दोन लढायांमधील हा फरक मराठी वाचकाने नोंदवून ठेवण्याजोगा आहे.