चुंबकसूचीचे राखणदार

नळदुर्गच्या किल्ल्यातील उपळ्या बुरुजावर चुंबकसूची दोऱ्याने टांगली, किंवा मुंबईच्या समुद्रकाठी टांगली, तरी ती अखेर उत्तर-दक्षिण दिशेसच स्थिर होते. याचे कारण असे, की आपली पृथ्वी हाच एक प्रचंड लोहचुंबक आहे. मात्र या चुंबकाची शक्ती सदासर्वकाळ सारखी राहत नाही. दिवसाच्या प्रहरांप्रमाणे तिच्यात सूक्ष्म फेरफार होतात, आणि सूर्यावर मोठा क्षोभ झाला म्हणजे चुंबकसूची थरथरू लागते. या फेरफारांच्या नोंदीत खंड पडू नये म्हणून ज्यांनी अपार श्रम केले, ते नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस होत.

नानाभाईंचा जन्म १८५९ साली एका पारशी कुटुंबात झाला. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात पृथ्वीवर मोठे चुंबकी वादळ झाले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे विस्कळीत झाली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकत्वाचे वेध घेतले जात असत. तेथेही या वादळाची नोंद झाली. पुढे हीच वेधशाळा नानाभाईंची कर्मभूमी ठरली.

एडिंबरो विद्यापीठात त्यांनी शिक्षण घेतले. काही काळ पदार्थविज्ञानाचे अध्यापन केल्यावर १८९६ साली ते कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. हे पद भूषविणारे ते पहिले भारतीय होत.

लवकरच त्यांच्यापुढे एक बिकट प्रश्न उभा राहिला. मुंबईत तेव्हा घोड्यांच्या ट्राम धावत. त्या जागी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. नागरिकांची सोय होणार होती. परंतु तारेतून वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकत्व निर्माण होते. त्यामुळे वेधशाळेतील नाजूक सूची ढळली असती, आणि कोणता फेर पृथ्वीचा व कोणता ट्रामचा हे ओळखणे अशक्य झाले असते. साठ वर्षांची साधना व्यर्थ जाण्याची वेळ आली होती.

नानाभाईंनी शहरापासून दूर, समुद्रापलीकडील अलिबाग हे स्थान निवडले. तेथे १९०४ साली नवी वेधशाळा उभी राहिली. लोखंडाच्या सान्निध्यात सूची ढळते. म्हणून इमारतीसाठी पोरबंदरी दगड आणि तांबे-पितळ यांचा उपयोग करण्यात आला. परंतु जागा बदलली, की मापेही थोडी बदलतात. दोन घड्याळे एकमेकांशी जुळवून घ्यावीत, त्याप्रमाणे १९०४ ते १९०६ या काळात त्यांनी कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले. त्यामुळे जुन्या व नव्या नोंदींचा सांधा जुळला. मगच, १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली.

१८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचा अभ्यास करून त्यांनी १९१० साली दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. १९३६ साली ते निवर्तले. अलिबागची वेधशाळा आजही कार्य करीत आहे. सूर्यावरील वादळांचा अभ्यास करणारे जगातील शास्त्रज्ञ कुलाब्याच्या १८५९ मधील नोंदीकडे आजही वळतात. शहराची प्रगतीही अडू नये आणि विज्ञानाचा धागाही तुटू नये, असा मार्ग नानाभाईंनी शांतपणे शोधून काढला.