कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

दुधनीच्या बाजारात तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या आम्ही लहानपणापासून पाहत आलो. परंतु त्या दाण्यात कोणते रसायन दडले आहे, हा विचार आमच्या मनास क्वचितच शिवला असेल. ज्या विदुषीने कडधान्यांच्या संशोधनात आयुष्याची अनेक वर्षे वेचिली, तिचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देत आहोत.

कमलाबाईंचा जन्म 1911 साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत ह्या त्यांच्या वडील भगिनी होत. 1933 साली मुंबईस बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारिला. कमलाबाई स्वतः बंगलोरास जाऊन त्यांच्यापुढे निर्धाराने उभ्या राहिल्या, तेव्हा एक वर्ष कसोटी पाहण्याच्या अटीवर त्यांस प्रवेश मिळाला. वर्ष सरले, रामन यांचे मत पालटले, आणि पुढे इतर स्त्रियांसही त्या संस्थेचे द्वार खुले झाले.

नंतर केंब्रिज येथे वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन असते, असे त्यांनी दाखविले व 1939 साली पीएच.डी. संपादिली. पेशीच्या श्वसनक्रियेस आवश्यक अशा ह्या प्रथिनात हीम नावाचा लोहयुक्त घटक असतो. असाच घटक ॲरोमटेज ह्या विकरातही असल्याचे पुढील संशोधकांस आढळले. हे विकर टेस्टोस्टेरोन ह्या पुरुषी समजल्या जाणाऱ्या संप्रेरकापासून इस्ट्राडायोल हे स्त्रीसंप्रेरक घडविते. ते स्त्री व पुरुष ह्या उभयतांच्या देहांत असते, आणि त्याच्या अभावी पुरुषांचीही हाडे दुबळी होतात. प्रयोगशाळेच्या दारी मनुष्याने जी भिंत उभारिली, तशी निसर्गाने देहात उभारिलेली नाही, हे ह्यावरून आम्हांस उमगते.

स्वदेशी परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत अध्यापन करीत असता, वालासारख्या कडधान्यांतील, ट्रिप्सिन ह्या पाचक विकरास अटकाव करणाऱ्या द्रव्यांचा त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी शोध घेतला. नीरेच्या पोषकतेवरील कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. 1998 साली त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिभगिनींनो, विज्ञानाच्या अभ्यासास अमुक जण पात्र नाहीत असे कोणी म्हणेल, तेव्हा वादात वेळ न दवडता काम करून दाखवावे, हाच ह्या चरित्राचा बोध होय. आणि आम्हां मुलांस बोध हा की, असा अडसर आमच्या हातून कोणाच्याही वाटेत न पडो.