काही तासांनी हरलेली शर्यत

मैत्रिणींनो, टाटा म्हटलं की आपल्यापुढे मिठाची पुडी येते, चहा येतो. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना मात्र नागपूरची एम्प्रेस मिल आठवते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती मिल आणि आपल्याकडचा कापूस, यांचं नातं जुनं. याच घराण्यातल्या जे. आर. डी. टाटांची आज ओळख करून घेऊ. मोठे उद्योगपती म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. मला आज सांगायचंय ते वेगाचं वेड असलेल्या आणि एक शर्यत हरलेल्या पंचविशीतल्या तरुणाबद्दल.

जहांगीर यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजींच्या नात्यातले, आई सुझान फ्रेंच. भारतात मोटार चालवणारी पहिली बाई म्हणून या सुझानबाईंचं नाव घेतात. साल होतं १९०५! मुंबईच्या रस्त्यावर मोटार दिसली की लोक थबकायचे, त्या काळात ही बाई स्वतः ती चालवत होती. तेव्हा मुलाला वेगाचं वेड लागलं ते कुठून, हे वेगळं सांगायला नको.

फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचं सुट्टीचं घर होतं. शेजार कोणाचा, तर विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरियोचा. वाळूवर उतरणारी विमानं बघूनच या पोराने ठरवलं, आपणही उडायचं.

पण आयुष्य काही सरळ गेलं नाही. १९२३ मध्ये आई गेली. इंजिनिअरिंग शिकायला केंब्रिजला जायचं होतं, तर वडिलांनी कामासाठी मुंबईला बोलावून घेतलं. १९२६ मध्ये वडीलही गेले. बावीस वर्षांचं वय, पाठीवर धाकटी भावंडं आणि हातात पदवी नाही. ही पदवीची खंत त्यांना पुढे जन्मभर राहिली.

वेगाची हौस मात्र सुटली नाही. त्यांच्याकडे बुगाटी ही शर्यतीची मोटार होती. ती जोरात चालवल्याबद्दल खटला झाला, म्हणून ते जॅक विकाजी या वकिलांकडे गेले. तिथे वकीलसाहेबांची पुतणी थेल्मा भेटली आणि डिसेंबर १९३० मध्ये दोघांचं लग्न झालं! त्याआधीच, १० फेब्रुवारी १९२९ ला, त्यांना विमान चालवण्याचा परवाना मिळाला होता. भारतात दिलेला तो पहिला परवाना, नंबर एक.

आता शर्यतीकडे येते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शंकरपट कोणाला सांगावा लागत नाही. मीही घरच्यांसोबत पट पाहायला गेले आहे. वावरात आखलेली सरळ दाण, हलका छकडा, जोडी हाकणारा धुरकरी, आणि धुरळा खाली बसायच्या आत सगळ्यांच्या नजरा घड्याळाकडे. कोणाची जोडी किती सेकंदांत आली, यावर निकाल. सेकंदाच्या छोट्याशा भागाने नंबर जातो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, तळेगाव दशासरच्या पटात तर बायकाही जोडी हाकतात. मोटारींच्या जगात अशा शर्यतीला टाइम अटॅक म्हणतात. ट्रॅकवर गाडी धावते, पण खरा सामना घड्याळाशी.

१९३० मध्ये आगाखानांनी अशीच एक शर्यत ठेवली, विमानांची. इंग्लंड ते भारत हे अंतर भारतीय वैमानिकाने एकट्याने पार करायचं. कुठल्याही टोकाकडून निघा, जो कमी वेळात पोचेल तो जिंकला. बक्षीस पाचशे पौंड. जेआरडी कराचीहून निघाले. ॲस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून निघाला. विमानं चिमुकली, उघडी. रेडिओ नाही, वाट दाखवणारं कोणी नाही. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी जमीन, एवढाच आधार.

इजिप्तमध्ये अबुकीरला जेआरडी उतरले, तर तिथे ॲस्पी अडकून पडलेला. इंजिनाचे स्पार्क प्लग गेलेले आणि जवळ दुसरे नाहीत. जेआरडींकडे जादा प्लग होते.

जरा विचार करा. समोरचा तिथेच अडकला, तर शर्यत आपलीच. कोणी दोषही दिला नसता. जेआरडींनी प्लग काढून दिले आणि आपल्या वाटेने निघाले. ॲस्पी कराचीला पोचला तेव्हा जेआरडी पॅरिसपर्यंतच आले होते. काही तासांच्या फरकाने शर्यत गेली. त्या विजयाने ॲस्पीचा हवाई दलाचा मार्ग सोपा झाला आणि १९६० मध्ये तोच मुलगा भारताचा हवाई दलप्रमुख झाला!

हरलेले जेआरडी काही बसून राहिले नाहीत. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन ते स्वतः विमानाने मुंबईला, जुहूला उतरले. वाटेत अहमदाबादला विमानाचं इंधन आणलं होतं बैलगाडीतून! त्याच टपालसेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली. १९५३ मध्ये ती सरकारने घेतली, १९७८ मध्ये त्यांना तिच्या अध्यक्षपदावरून दूर केलं गेलं. तरी १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा एकट्याने केलं. १९९२ मध्ये भारतरत्न मिळालं, २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले. २०२२ मध्ये एअर इंडिया परत टाटांकडे आली, ते पाहायला मात्र ते नव्हते.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडींना पोस्टकार्ड टाकलं. त्यांना मुलाखतीला बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली. अडलेल्याला वाट करून द्यायची, हे त्या घरात तेव्हाही चालू होतं.

आपल्याकडे दहावी-बारावी आली की कितीतरी घरांत लेकरांना बजावलं जातं, आपली वही कोणाला देऊ नको, तो पुढे जाईल. मार्कांची शर्यत आहे, आईचा जीव तुटतो, हे खरंच आहे. पण अशा वेळी अबुकीरचे ते प्लग लेकरांना जरूर सांगा. वही दिली तर एखादा नंबर जाईलही. जेआरडींचाही गेला होता.